परड्यातल्या कोंबड्यांना मका: किती, कसा आणि कशाच्या जोडीनं

अंडी न्यायला येणाऱ्या बायका पिशवी पुढं करतानाच विचारतात, "ताई, तुमच्या कोंबड्यास्नी घालतासा तरी काय?" बलक पिवळाधमक असतो, कवच हाताला टणक लागतं, म्हणून हा प्रश्न येतो. "मका" एवढंच ऐकून कुणी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातनं पोतं आणून कोंबड्यांपुढं ओतलं, की दोन-तीन महिन्यांत अंडी रोडावतात आणि दोष मक्यावर येतो. हे मी आजूबाजूला बघत आले आहे, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या अलीकडं. घरामागं परडं आहे, त्यात शेवगा, म्हशीचा गोठा, उकिरडा आणि वीस-पंचवीस कोंबड्या. थोड्या गावठी, थोड्या गिरिराज आणि वनराज या सुधारित जातींच्या. दिवसभर मोकळ्या फिरतात, अंधार पडायच्या आत खुराड्यात जातात. पुढं जे सांगते ते अशा मोकळ्या कोंबड्यांना धरून आहे. गच्चीवर किंवा जाळीत पाळणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

मका कोंबड्यांना चालतो, आणि चांगला चालतो. नुसता मका चालत नाही.

मक्यात काय आहे, काय नाही

मका म्हणजे ताकद. किलोभर मक्यातून कोंबडीला साधारण ३३०० किलोकॅलरी मिळतात. आपल्याकडच्या धान्यांत याच्या वर जाणारं सहसा काही नाही. जोंधळा जवळपास येतो, बाजरी थोडी मागं राहते. मक्यात तंतू दोन-अडीच टक्केच, त्यामुळं तो पटकन पचतो. तेल चार टक्क्यांच्या आसपास, आणि त्या तेलातलं लिनोलिक आम्ल अंड्याचा आकार टिकवायला लागतं.

पिवळ्या मक्यात ल्युटिन आणि झिअॅझँथिन ही रंगद्रव्यं असतात. बलकाचा पिवळेपणा तिथनं येतो. पांढऱ्या मक्यात ती जवळजवळ नसतात, म्हणून पांढरा मका घातला तर ताकद तेवढीच मिळेल, पण बलक फिकाच राहील. शहरातली गिऱ्हाइकं पिवळा बलक बघून अंडं गावठी आहे असं ठरवतात. तसं काही नसतं. रंग खाण्यातनं येतो. मक्यातनं येतो, हिरव्या पाल्यातनंही येतो. लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या खाणाऱ्या कोंबडीचा बलक मका नसतानाही पिवळाच असतो.

आता नसलेल्या गोष्टी. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के असतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात ती सोळा ते अठरा टक्के लागतात, म्हणजे जवळपास दुप्पट. शिवाय आहेत ती प्रथिनंही अपुरी आहेत, कारण लायसिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांचे घटक मक्यात कमी पडतात. लायसिन मक्यात पाव टक्क्याच्या आसपास असतं आणि अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात ते पाऊण टक्क्याच्या जवळ लागतं. ही तूट मका वाढवून भरत नाही. कोंबडी ताकदीपुरतं खाऊन थांबते, पोट भरतं, पण अंडं तयार करायला सामान नसतं. गावठी अंड्यात पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती कोंबडीला कुठून तरी आणावीच लागतात.

कॅल्शियमचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. अंड्याच्या एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम मक्यात असतं वीस मिलिग्रॅम. शंभरपटीचा फरक. हे कॅल्शियम खाण्यातनं मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतनं काढते. काही दिवस अंडी बरी दिसतात, मग कवच पातळ होतं, मग बिनकवचाचं मऊ अंडं पडतं, आणि शेवटी ती अंडी द्यायची थांबते. पातळ कवचाची अंडी खुराड्यात फुटली की कोंबड्यांना अंडं खायची चटक लागते, आणि ही सवय एकदा लागली की मोडणं फार अवघड जातं.

नुसत्या मक्यावरची कोंबडी ओळखायला अवघड नाही. बाहेरनं ती गुबगुबीत दिसते. तिला उचलून मागच्या बाजूला, ढुंगणाच्या दोन हाडांच्या मधे बोटं ठेवून बघा. अंड्यावरच्या कोंबडीचं पोट तिथं मऊ आणि ऐसपैस लागतं. चरबी चढलेलीचं घट्ट, जाड लागतं. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार जातींत ही चरबी फार लवकर चढते, यकृतातही साठते, आणि अशी कोंबडी एखाद्या उन्हाच्या दिवशी अचानक मरून पडते. लोक म्हणतात नजर लागली. दुसरी खूण पिसांची. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या, पाठी उघड्या पडल्या, तर दाटी किंवा उवा-गोचीड हे कारण असू शकतं, पण प्रथिनांची कमी हे पहिल्यांदा तपासावं.

मोकळ्या कोंबडीला प्रथिनांची ही उणीव तितकी जाणवत नाही, कारण ती उकिरडा उकरून किडे, अळ्या, गांडुळं खाते. पावसाळ्यात त्यांची चंगळ असते. मार्च ते मे या काळात जमीन तापून कडक होते, किडे मिळत नाहीत, हिरवं वाळतं, आणि नेमकं तेव्हाच घरात मका भरपूर असतो. उन्हाळ्यात अंडी कमी होण्यामागं ऊन आहेच, पण खाण्यातली ही घटही आहे.

जोडीला काय घालायचं

इथं आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत. मक्याला जे कमी पडतं ते आपल्या घरात, गिरणीत, घाण्यावर आणि आठवडी बाजारात मिळतं.

शेंगपेंड, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड, घाण्यावर मिळते. तीत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. सोयाबीन तर दिवाळीच्या आधी घराघरात येतं. त्यात प्रथिनं छत्तीस-सदतीस टक्के आणि मक्यात नसलेलं लायसिन भरपूर. मात्र सोयाबीन कच्चं कधीही घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. कोंबडी खाते, पण अंगी लागत नाही, पिल्लं तर खुरटतात. लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, दाणा आतपर्यंत भाजून खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं आणि गार झाल्यावर भरडायचं. आच मोठी केली की बाहेरनं करपतं आणि आत कच्चं राहतं. एक दाणा फोडून बघावा.

सुकट किंवा जवळा घाटाखालनं येतो आणि आपल्या बाजारात बारमाही मिळतो. मेथिओनिन मक्यात कमी, सोयाबीन आणि शेंगपेंडीतही कमीच. ती बाजू सुकट सांभाळते. फार लागत नाही. फार घातली तर अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. बाजारात चाळून खाली राहिलेला सुकटीचा बारीक चुरा स्वस्तात मिळतो. कोंबड्यांना तोच चांगला, फक्त रेती मिसळलेली नसावी. भाताच्या गिरणीतला बारीक कोंडा, म्हणजे तांदूळ पॉलिश करताना निघतो तो, बारा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि जीवनसत्त्वं देतो. तूस वेगळं आणि हा कोंडा वेगळा. तुसात पोषण काहीच नाही, ते खुराड्यात पसरायला ठेवा.

दहा किलोचं मिश्रण मी असं करते:

मक्याचा भरडा ६ किलो
शेंगपेंड, फोडून बारीक केलेली, दीड किलो
भाजून भरडलेलं सोयाबीन १ किलो
तांदळाचा बारीक कोंडा ८०० ग्रॅम
सुकटीचा चुरा अर्धा किलो
कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम

प्रथिनं सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात जातात. सुकट खारट असेल तर वेगळं मीठ अजिबात नको. खारट नसेल तर सगळ्या दहा किलोला तीस ग्रॅम पुरे. शेंगपेंड मिळाली नाही तर सोयाबीन वाढवा. मका महागला तर निम्म्या मक्याच्या जागी जोंधळा किंवा तांदळाची कणी घाला. ताकदीत फारसा फरक पडत नाही. बलकाचा रंग उतरेल, त्याला हिरवा पाला द्या.

कॅल्शियम या मिश्रणात मी मुद्दाम घालत नाही. एकाच परड्यात अंड्यावरच्या कोंबड्या, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), कोंबडे आणि पिल्लं फिरत असतात. अंड्यावरचीला खाण्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं, पिल्लाला एक टक्का. पिल्लांना मोठ्यांइतकं कॅल्शियम गेलं तर त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून कुटलेले शिंपले, किंवा पोल्ट्रीच्या दुकानात मिळते ती चुनखडीची जाड कणी, वेगळ्या मडक्याच्या तुकड्यात थोडी उंचावर ठेवायची. ज्या कोंबडीला गरज आहे ती बरोबर येऊन खाते. हे भांडं दुपार कलल्यावर भरलेलं असलं पाहिजे. कवच मुख्यतः रात्री तयार होतं आणि कोंबडीला त्याची ओढ संध्याकाळी लागते. घरातली अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर गरम करून, अगदी बारीक चुरून दिली तर तीही चालतात. पानाला लावायचा चुना मात्र देऊ नका, तो तोंड-घसा भाजतो.

किती घालायचं? मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीला दिवसाला चाळीस ते साठ ग्रॅम मिश्रण पुरतं, बाकी ती स्वतः मिळवते. दहा कोंबड्यांना अर्धा किलो. कडक उन्हाळ्यात, बाहेर काही नसताना, ऐंशी ग्रॅमपर्यंत न्या. म्हणजे दिवसाला एका कोंबडीच्या पोटात मका जातो तो पंचवीस ते पन्नास ग्रॅम. त्यावर आणखी मुठी भरून फेकायची गरज नाही.

अख्खा, भरडलेला की पीठ

मोठी गावठी कोंबडी अख्खा मका सहज खाते. आपण कलेजी-पेठा खातो त्यातला पेठा हेच तिचं जातं. त्यात ती खडे साठवते आणि दाणा दळते. म्हणून मोकळ्या कोंबडीला वेगळे खडे द्यावे लागत नाहीत, मुरमातले बारीक खडे ती वेचते. बंदिस्त असेल तर जाड वाळू किंवा बारीक खडी वाटीत ठेवा, नाहीतर अख्खा दाणा पचणार नाही.

मिश्रणासाठी मका गिरणीत भरडूनच आणायचा. दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, पीठ नको. पिठाचा चोचीला राप बसतो, निम्मं वाऱ्यानं उडतं आणि कोंबड्या वरवर चोच मारून सोडून देतात. गिरणवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर भाकरीचं दळण समजून तो बारीक दळतो. सोयाबीन, पेंड आणि सुकट मात्र मक्याच्या तुकड्यांपेक्षा फार बारीक झाली तर कोंबड्या मका वेचून खातात आणि बाकीचं तळाला राहतं. त्यावर उपाय सोपा आहे. घालायच्या वेळी मिश्रणावर थोडं पाणी किंवा ताक शिंपडून कालवायचं, मुठीत धरलं की गोळा व्हावा आणि सोडलं की फुटावा इतपतच. ओलवलेलं खाणं दोन तासांत संपलं पाहिजे. उरलं तर काढून टाका, पावसाळ्यात तर नक्कीच.

भरडलेला मका टिकत नाही. दाणा फुटला की आतला अंकुर उघडा पडतो, त्यातलं तेल खवट होतं आणि ओल लगेच धरते. म्हणून आठ-दहा दिवसांपुरताच भरडा, बाकी अख्खा ठेवा.

पिल्लांचं गणित वेगळं. पहिल्या आठ आठवड्यांत त्यांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. खुडूक बसवून काढलेल्या पिल्लांना मक्याची किंवा तांदळाची कणी टाकायची आपल्याकडं जुनी रीत आहे, आणि आईबरोबर फिरून ती किडे-मुंग्या खातात म्हणून जगतातही. पण उबवणी केंद्रातनं आणलेल्या पिल्लांना आई नसते. कोल्हापुरात सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथनं एक दिवसाची पिल्लं आणून कणीवर ठेवणारे बरेच आहेत. पंख लोंबतात, पिसं नीट येत नाहीत, एकामागनं एक मरतात. अशा पिल्लांना दुकानातलं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच द्या, निदान सहा-आठ आठवडे. त्यात मका असतोच, योग्य प्रमाणात आणि त्यांच्या चोचीला झेपेल इतका बारीक. तलंगा अंड्यावर यायच्या आधी फार मका देऊन लठ्ठ करू नयेत. लठ्ठ तलंग अंड्यावर आली की अंडं अडकणं, अंग बाहेर येणं असे त्रास होतात.

बुरशी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आपल्याकडं मक्यापासून कोंबड्यांना खरा धोका आहे तो बुरशीचा.

ओल्या, उबदार हवेत मक्यावर अॅस्परजिलस नावाची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेताना हे विष सापडलं. तिथं ते शेंगपेंडीत होतं. माणसांनाही ते सोडत नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. कोंबडीच्या यकृतावर ते घाव घालतं. कोंबड्या एकदम मरत नाहीत, त्यामुळं कळत नाही. तुरा फिका पडतो, अंडी घटतात, वजन उतरतं, रोगाशी लढायची ताकद जाते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देऊनही कोंबड्या मानमोडीनं मरतात तेव्हा लसीला दोष देण्याआधी मक्याचं पोतं उघडून बघावं.

भारतीय मानकात कोंबडी खाद्यात या विषाची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पन्नास टन मक्यात एक ग्रॅम. यावरनं समजावं की डोळ्याला दिसणारी बुरशी किती पुढची गोष्ट आहे. धुऊन, भाजून, उकडून हे विष जात नाही. स्वयंपाकाच्या आचेला ते दाद देत नाही. "माणसास्नी नको, कोंबड्यास्नी घाला" असं म्हणून काळपट, हिरवट, कुबट वासाचा मका परड्यात फेकणं म्हणजे त्यांना विष घालणं आहे. म्हशीलाही घालू नका, दुधात उतरतं. उकिरड्यावरही टाकू नका, कोंबड्या तिथनं वेचतील. पुरून टाका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या भागात, चिखली-आंबेवाडीकडं, शिरोळ तालुक्यात घराघरातलं धान्य भिजलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी वाळवून ते जनावरांना घातलं. त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं, हे खरं आहे. तरीही सांगते, पुरात भिजलेला मका वाळवला तरी कोंबड्यांना घालू नये. त्यात बुरशी असते आणि पुराच्या पाण्यातली घाणही असते.

त्यामुळं मका कधी घ्यायचा हे महत्त्वाचं. खरिपाचा मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परतीच्या पावसात कणसं भिजलेली असतात, दाण्यात वीस टक्क्यांवर ओल असते. रब्बीचा मका मार्च-एप्रिलात कडक उन्हात निघतो. वर्षाचा साठा रब्बीच्या मक्याचा करा आणि मृगाच्या आधी भरून ठेवा. साठवायच्या मक्यात ओल बारा-तेरा टक्क्यांच्या वर नको. तिचा ढोबळ अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, आणखी उन्हं दाखवा. मीठ तळाला मोकळं पडलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या खाली आली असं समजा, तरी भरण्याआधी आणखी एक-दोन उन्हं दाखवा. दाताखाली धरूनही कळतं. वाळलेला दाणा कट्कन फुटतो, ओला दबतो.

वाळवताना थेट जमिनीवर नको, ताडपत्री घाला. रात्री गोळा करून झाका, दवानं पुन्हा ओल येते. भरण्याआधी चाळा. फुटके दाणे आणि भुसा यांतच विष जास्त असतं, ते काढून टाका. मका पूर्ण गार झाल्यावर भरा, गरम भरला तर पिंपात आतनं घाम सुटतो. पिंप फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. पोत्यात ठेवणार असाल तर पावसाळ्यात भिंतीला टेकलेलं पोतं हमखास जातं. सोंडे झाले तर कोंबड्या ते आवडीनं खातात, पण सोंड्यांनी पोखरलेला मका तापतो आणि बुरशी धरतो, म्हणून असा मका आधी संपवा. पोत्यात हात घातल्यावर आत गरम लागलं तर त्याच दिवशी ओतून वाळवा. शेंगपेंडीलाही हे सगळं लागू आहे, तीही बुरशी पटकन धरते.

हे घालू नका

पेरणीतलं उरलेलं बियाणं. गुलाबी, लाल, निळा रंग लावलेला मका हा औषध लावलेला असतो. थायरमसारख्या औषधानं कोंबड्यांचे पाय वाकडे होतात, अंडी मऊ पडतात. धुऊनही घालू नका. बियाण्याची रिकामी पिशवीसुद्धा परड्यात टाकू नका.

साठवणीच्या गोळ्या ठेवलेला मका. सल्फासच्या गोळ्या ठेवलेलं धान्य आणि त्या गोळ्यांची राख कोंबड्यांच्या जवळपासही नको, राहत्या घरात तर नकोच.

सरकी पेंड आणि गोळी पेंड. म्हशीपुढची पेंड कोंबड्या चोरून खातात आणि आपण दुर्लक्ष करतो. सरकीतल्या गॉसिपॉलमुळं ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो. गोळी पेंडीत युरिया असू शकतो, तो म्हशीला पचतो, कोंबडीला नाही. गव्हाणीला जाळी लावा.

लष्करी अळीवर फवारलेलं मक्याचं रान. २०१८ पासून ही अळी आपल्याकडं आली आहे आणि फवारण्या वाढल्या आहेत. कोंबड्या अळ्या खायला रानात शिरतात. फवारणीनंतर त्यांना तिकडं सोडू नका.

हिरवी कणसं चालतात. कोवळे दाणे कोंबड्यांना फार आवडतात, त्यात पाणी जास्त म्हणून पोषण कमी एवढंच. पन्हाळ्यावरनं, रंकाळ्यावरनं आणलेलं भाजकं कणीस उरलं तर मीठ लावलेलं देऊ नका. तिखटाचं भय नाही, पक्ष्यांच्या जिभेला तिखट लागत नाही. त्रास मिठाचा होतो. बिनमिठाच्या लाह्या कधीमधी चालतात.

वेळ आणि ऋतू

सकाळी सोडल्यावर थोडं मिश्रण, तिसऱ्या प्रहरानंतर उरलेलं. मिश्रणातल्या मक्यापैकी मूठ-दोन मुठी मका मी न भरडता अख्खाच वेगळा ठेवते आणि दिवस मावळायच्या आधी "ती-ती-ती" म्हणत खुराड्यापाशी टाकते. सगळ्या गोळा होतात, मोजता येतात, आणि गळ्याखालची पिशवी भरून झोपतात. अख्खा दाणा रात्रभर हळूहळू पचतो. थंडीत, विशेषतः राधानगरी-गगनबावड्याकडच्या गारठ्यात, ही मूठ थोडी मोठी करा.

मका उष्ण, म्हणून उन्हाळ्यात बंद करावा, असं माझ्या सासूबाईही सांगायच्या. त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. खाणं पचताना अंगात उष्णता होते. पण ती कुठल्याही खाण्यानं होते, आणि पिठूळ मक्यापेक्षा तंतूवाल्या खाण्यानं जास्त होते. म्हणून मका तोडू नका, वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत आणि ऊन उतरल्यावर घाला, दुपारी फक्त सावली आणि गार पाणी.

गच्चीवर आणि जाळीत

राजारामपुरीत, शाहूपुरीत गच्चीवर चार-सहा कोंबड्या पाळणारी मंडळी वाढली आहेत. त्या कोंबड्यांना ना किडे, ना उकिरडा, ना माती. तुम्ही द्याल तेवढंच त्यांना मिळणार. त्यांना दुकानातलं लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या, कोंबडीमागं दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम. मका त्यावर खाऊ म्हणून, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे सहा कोंबड्यांत एक भरलेली मूठ, तीही संध्याकाळी. लेअर खाद्यात निम्म्याच्या आसपास मका आधीच असतो. त्यात आणखी मका मिसळून खाद्य पुरवायला गेलात तर प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही पातळ होतात, आणि महागाचं खाद्य घेऊनही कवच मऊ येतं. पालेभाजीच्या काड्या, शेवग्याचा पाला जाळीला टांगून ठेवा.

नुसत्या मक्यावरच्या कोंबड्या मिश्रणावर आणायच्या असतील तर एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस चौथाई मिश्रण, मग निम्मं, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. शिंपल्याचं भांडं मात्र पहिल्याच दिवशी ठेवा. कवचात फरक एक-दोन आठवड्यांत दिसतो, अंडी वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. उपटलेली पिसं बऱ्याचदा पुढच्या पिसं झडण्याच्या वेळेलाच नीट भरून येतात, तोवर त्यासाठी दुसरं औषध शोधत बसू नका.